सोलापूरचे डॉक्टर कोटणीस व मनुष्यदेहाची नवलाई

दूरदेशीची नवले पाहण्यास मनुष्य पैसा खर्चितो व श्रम सोसतो. परंतु ज्या देहात तो रात्रंदिवस राहतो त्यात काय चालले आहे, हे बहुतेकांस ठाऊक नसते. देह दुखू लागला म्हणजे त्याची आठवण होते, आणि तेव्हाही खरे कारण न शोधता भलत्याच गोष्टीवर दोष ठेवण्यात येतो. यास्तव आमच्या सोलापुरात जन्मलेल्या एका थोर वैद्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांच्या हातून देहाच्या ज्या रचनेची सेवा झाली तिचीही थोडी ओळख जाता जाता करून देऊ. कारण ज्या रोगाने हा पुरुष ऐन तारुण्यात गेला, त्या रोगाविषयी आमच्या खेड्यापाड्यांतून अद्याप फार मोठे अज्ञान आहे.

डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूर शहरी ता. १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. घरची स्थिती मध्यम होती आणि भावंडांचा परिवार मोठा होता. सोलापुरास पहिली कापडाची गिरणी १८७७ साली उभी राहिली, आणि द्वारकानाथांच्या बालपणी हे शहर गिरण्यांचे शहर म्हणूनच प्रसिद्ध होते. अशा शहरात वाढलेल्या या मुलाने वैद्यकीचा मार्ग धरिला, आणि मुंबईस परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले.

वैद्यकीच्या विद्यार्थ्यास प्रथम हाडांचा अभ्यास करावा लागतो. वरवर पाहता हाड हे घराच्या खांबासारखे निर्जीव वाटते. परंतु जिवंत मनुष्याचे हाड जिवंतच असते. त्यात रक्त खेळते, जुना भाग झिजतो व नवा भरला जातो. म्हणूनच मोडलेले हाड नीट बसवून स्थिर ठेविले असता ते आपण होऊन सांधते. वैद्य हाड जोडीत नाही, तो ते फक्त जागेवर धरून ठेवितो. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या देहात हाडांचे सुमारे ३०० तुकडे असतात. वाढता वाढता त्यांतील कित्येक एकमेकांस जुळतात, आणि प्रौढ मनुष्यात २०६ हाडे राहतात. यांपैकी १०६ हाडे केवळ दोन हात व दोन पाय यांच्या पंजांत आहेत. नांगर धरणे, सूत ओढणे, भाकरी थापणे, लिहिणे ही सर्व कामे ज्या हातांनी होतात त्यांची रचना किती बारीक आहे, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीन देशावर मोठी चढाई केली. गावे उद्ध्वस्त झाली, घायाळांचे ढीग पडले आणि वैद्यांची तर फारच उणीव होती. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून हिंदुस्थानातून वैद्य पाठवावे अशी विनंती केली. १९३८ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी लोकांस आवाहन करून निधी गोळा केला, आणि पाच वैद्यांचे एक पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉक्टर अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे डॉक्टर बसू व डॉक्टर मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉक्टर कोटणीस हे त्यांचे चार सहकारी. कोटणीसांचे वय त्या वेळी पुरते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथक मुंबई बंदरातून निघाले, आणि पुष्कळ प्रवास करून फेब्रुवारी १९३९ मध्ये उत्तर चीनमधील येनान या ठिकाणी पोहोचले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांस वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. आपला मुलगा परदेशी आणि घरी पित्याचे निधन, हा प्रसंग कसा असतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परत यावयास कारण पुरेसे होते आणि कोणी दोषही दिला नसता. तथापि हाती घेतलेले काम सोडून ते परतले नाहीत.

रणभूमीवरील वैद्याचे पहिले काम म्हणजे वाहते रक्त थांबविणे. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त असते. मुठीएवढे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष ठोके देऊन हे रक्त फिरवीत असते, आणि स्वस्थ बसलेल्या मनुष्यात देहभर एक फेरी पुरी होण्यास साधारण एकच मिनिट लागते. रक्ताच्या लहानशा थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि तिच्या जागी हाडांच्या मगजात नवी निर्माण होते. कोठे कापले तर रक्तातील बारीक कण तेथे धावून जातात व जाळे विणून छिद्र बुजवितात. लहान जखम अशी आपोआप बंद होते. परंतु मोठी रक्तवाहिनी तुटली असता विणलेले जाळे वाहून जाते, आणि मनुष्य काही मिनिटांत मरणाच्या दारी जातो. म्हणून विळा किंवा कुऱ्हाड लागून रक्त वाहू लागल्यास स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी आणि रुग्णास दवाखान्यात न्यावे. राख, माती, चहाची पूड अथवा तंबाखू जखमेत भरू नये.

फार रक्त गेले असता दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली दाखवून दिले की मनुष्यांच्या रक्ताचे निरनिराळे गट असतात आणि न जुळणारे रक्त दिल्यास ते घातक ठरते. आता यातील नवल पाहा. सख्ख्या दोन भावांचे रक्त एकमेकांस न जुळणे हे सहज शक्य आहे. आणि सोलापूरच्या मनुष्याचे रक्त चीनमधील एखाद्या अनोळखी शेतकऱ्यास चांगले जुळणे हेही तितकेच शक्य आहे. रक्ताच्या गटास जात ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, वेसही ठाऊक नाही. गावकुसाबाहेर राहण्याचा अनुभव ज्यांच्या पूर्वजांनी घेतला, त्यांनी ही गोष्ट आपल्या मुलाबाळांस अवश्य सांगावी.

कोटणीसांच्या आधी त्या डोंगराळ मुलखात कानडा देशाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. एका घायाळावर शस्त्रक्रिया करीत असता त्यांच्या बोटास लहानशी जखम झाली, तीतून विष रक्तात भिनले, आणि ता. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. एवढ्याशा जखमेने एवढा मोठा मनुष्य कसा गेला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कातडीत आहे. कातडी ही देहाची तटबंदी होय. ती पसरली तर दोन चौरस मीटरांच्या जवळपास भरते. तिच्यावर असंख्य सूक्ष्म जंतू वसलेले असतात. परंतु ती अखंड असेपर्यंत त्यांस आत वाट नसते. एक बारीक चीर पडली की शत्रूस दरवाजा मिळतो. अशा जंतूंस मारणारे पेनिसिलिन १९२८ साली सापडले होते, पण बेथ्यून वारले तेव्हा ते रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते. आज औषध आहे. तरी साबणाने हात धुणे व जखम स्वच्छ राखणे यांची योग्यता तिळमात्र कमी झालेली नाही.

कोटणीस त्याच मुलखात १९४० साली कामास लागले. त्या वर्षीच्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सतत ७२ तास, म्हणजे तीन दिवस व तीन रात्री, न झोपता शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या धुमश्चक्रीत आठशेंहून अधिक घायाळांवर उपचार केले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. झोप म्हणजे केवळ स्वस्थ पडणे नव्हे. झोपेत मेंदू दिवसभराचे शिकलेले पक्के करितो आणि देह आपली डागडुजी करितो. जागरण वाढत गेले म्हणजे दृष्टी फसते, बुद्धी मंद होते, हात कापू लागतो. हे सर्व कोटणीस वैद्य असल्याने जाणून होते. तरीही दाराशी घायाळ निजले असताना त्यांनी स्वतःच्या देहाचे मागणे बाजूस सारिले.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालविलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ते चिनी भाषा बोलण्यास व वाचण्यास शिकले, त्याच भाषेत तरुण विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकवू लागले, आणि त्यांच्याकरिता ग्रंथही लिहू लागले. तेथील परिचारिकांस शिकविणाऱ्या गुओ चिंगलान या चिनी स्त्रीशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेविले. यिन् म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन. हे नाव देहशास्त्राच्या दृष्टीनेही यथार्थ होते. प्रत्येक मूल आरंभी एकाच सूक्ष्म पेशीएवढे असते. त्या पेशीत आईकडून अर्धा व बापाकडून अर्धा असा वारसा येतो, आणि तिच्यापासून पुढे डोळा, हाड, रक्त, मेंदू ही सर्व घडत जातात. सोलापूरचा पिता व चीनची माता यांचा वारसा एका पेशीत सहज एकत्र झाला. देहाने त्यास काहीच हरकत घेतली नाही.

परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. कोटणीसांस फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. तरीही रुग्णालय, विद्यार्थी व ग्रंथलेखन यांपैकी त्यांनी काहीच सोडिले नाही. अखेर झटक्यांमागून झटके येऊन ता. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातील एका खेड्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस वर्षांचे होते, मूल साडेतीन महिन्यांचे होते, आणि हाती घेतलेला ग्रंथ अपुरा राहिला.

आता या रोगाविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहितो. फेफरे, मिरगी, आकडी, अपस्मार ही नावे एकाच रोगाची होत. मनुष्याच्या मेंदूचे वजन देहाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके. पण श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत, आणि त्या अतिशय मंद विजेच्या द्वारे एकमेकींस निरोप देतात. ही वीज मनुष्याच्या डोक्यावरून टिपून घेता येते, हे हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२९ साली जगास कळविले. नेहमी हे निरोप शिस्तीने चालतात. एखाद्या वेळी पुष्कळ पेशी एकदम बेसुमार निरोप सोडू लागतात, तेव्हा मनुष्य खाली पडतो, हातपाय झाडतो, दातखीळ बसते, तोंडास फेस येतो. मेंदूत उठलेले हे वादळच होय. कोणी बाहेरून अंगात शिरलेले नसते.

डोक्यास मार बसणे, जन्माच्या वेळी बाळाचा श्वास कोंडणे, मेंदूचा ताप, अशी या रोगाची पुष्कळ कारणे आहेत. आपल्या देशात आणखी एक कारण आढळते. ज्यांच्या आतड्यात डुकराच्या मांसातील फीतकृमी असतो, त्यांच्या मळावाटे त्याची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या भाजीतून अथवा अस्वच्छ हातांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात, मग त्याने मांसाला कधी शिवलेलेही नसो; आणि पुढे मेंदूत त्यांच्या बारीक गाठी होतात. म्हणून शौचकूप वापरणे व हात धुणे हा फेफरे टाळण्याचाही एक उपाय आहे. कित्येकांच्या बाबतीत मात्र काहीच कारण सापडत नाही.

हा रोग दैवी नसून इतर रोगांसारखाच देहातून उपजतो, हे ग्रीस देशातील हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेविले. इतकी वर्षे लोटली, तरी आमच्या गावांतून आजही आजाऱ्यास देवऋषीकडे नेतात, गंडेदोरे बांधतात, उतारा टाकतात, नाकाशी वहाण धरितात, कांदा हुंगवितात. मुलीस हा रोग असला तर तिचे लग्न अडते, आणि मुलास असला तर त्याची शाळा सुटते. शुभवर्तमानात अग्नीत व पाण्यात पडणाऱ्या मुलाची कथा आहे. तिचा आधार घेऊन आजाऱ्यास भूतग्रस्त ठरविणारेही आपल्या मंडळ्यांत आढळतात. त्यांस आमची विनंती आहे की त्या कथेतील बापाकडे पाहावे. तो मुलास लपवीत नाही व टाकून देत नाही, तर त्याच्याकरिता मदत मागावयास सर्वांसमक्ष येतो. आजच्या बापाने तसेच वैद्याकडे जावे, आणि उपदेशकाने त्याच्याबरोबर जावे. प्रार्थना अवश्य करावी. पण प्रार्थना करितो म्हणून गोळी बंद करणे हे भक्तीचे लक्षण नव्हे.

या रोगावर औषध आहे. फिनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून आणि फिनिटॉइन हे १९३८ पासून, म्हणजे कोटणीस चीनला निघाले त्याच वर्षापासून, फेफऱ्यावर वापरात आहे. आणि त्यानंतर आणखी पुष्कळ औषधे निघाली. जगात सुमारे पाच कोटी लोकांस हा रोग आहे. योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी शेकडा सत्तरांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नियम एवढाच की औषध वैद्याच्या सांगण्याप्रमाणे रोज घ्यावे, आणि बरे वाटले म्हणून मनाने सोडू नये. एकाएकी औषध सोडल्यास झटके पूर्वीपेक्षाही जोराने येतात. अशा मनुष्याने जागरणही टाळावे.

कोणास झटका आला तर काय करावे, हे प्रत्येक उपदेशकाने पाठ करून ठेवावे. गर्दी हटवावी. चूल, विहीर, दगड व धारेच्या वस्तू यांपासून रुग्णास दूर ठेवावे. डोक्याखाली मऊ कापड घालावे, गळ्याजवळचे बंद सैल करावे, आणि त्यास कुशीवर वळवावे म्हणजे लाळ बाहेर पडून श्वास मोकळा राहील. हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा, लाकूड अथवा बोट घालू नये. पुरती शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांत झटका न थांबला, किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर जिवास धोका आहे असे समजून १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी व रुग्णालय गाठावे. ज्या लागोपाठच्या झटक्यांनी कोटणीस गेले ते हेच होत.

चीनमधील लोकांनी त्यांस प्रथम त्या मुलखातील वीरांच्या स्मशानभूमीत पुरले. पुढे शिजियाझ्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी झाली. पाच वैद्यांपैकी चौघे स्वदेशी परतले, हा एकच तेथे राहिला. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढिला. त्यांचा पुत्रही वैद्यकी शिकत होता. पण शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास १९६७ मध्ये तोही वारला. पत्नी दीर्घायुषी होऊन २०१२ साली निवर्तल्या. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे. शहरात कामास आलेल्या आमच्या वाचकांनी ते एकदा अवश्य पाहावे व मुलांस दाखवावे.

कोटणीस आमच्या धर्माचे नव्हते; परंतु त्यांच्या चरित्रातून आमच्या मंडळ्यांनी घेण्याजोगे पुष्कळ आहे. ज्यांस फेफऱ्याचा रोग होता, त्यांनीच परभाषा शिकून परक्या लोकांस वैद्यक शिकविले, शेकडो घायाळांस हात दिला आणि मरेपर्यंत ग्रंथ लिहिला. अशा पुरुषास कोणी बाधा झालेला अथवा निकामी म्हणेल काय? मग आपल्या गावातील पोरास किंवा सुनेस तसे का म्हणावे? हा अंक हाती येईल त्या आठवड्यात प्रत्येक उपदेशकाने आपल्या मंडळीत असा आजारी कोण आहे याची विचारपूस करावी. त्याच्या घरी जाऊन बसावे, घरच्यांची समजूत घालावी, आणि त्यास जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जावे.